नाताळच्या फोनची वाट बघणारी मुलगी

रात्रपाळी:

एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली, गेल्या वर्षी सुटले. शरीराला मात्र ते अजून कळलेलं नाही. पहाटे चारला डोळे टक्क उघडतात, कारण चारला पेशंटचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायची सवय. मग वाचत बसते. गेले दोन महिने एकाच बाईच्या मागे आहे, इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटन. या संकेतस्थळावर तिच्यावर धागा दिसला नाही, म्हणून हा प्रपंच. लांबण लागेल, आधीच सांगते.

जन्म २९ डिसेंबर १८९३. वडिलांची कागदाची गिरणी, घरात नोकरचाकर, राहायला इंग्लंडातलं बक्स्टन नावाचं हवा खायला यायचं गाव. मुलीने टेनिस खेळावं, पियानो वाजवावा आणि बरं स्थळ आलं की लग्न करावं, एवढीच अपेक्षा. धाकटा भाऊ एडवर्ड ऑक्सफर्डला जाणार हे गृहीतच होतं. हिने जायचं म्हटल्यावर घर डोक्यावर घेतलं गेलं. शेवटी घरी मुक्कामाला आलेल्या एका व्याख्यात्या प्राध्यापकाने वडिलांचं मन वळवलं. (बाहेरच्या पुरुषाने सांगितलं की पटतं, हे सगळीकडे सारखंच दिसतंय.) १९१४ मध्ये ती सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. तेव्हा ऑक्सफर्ड मुलींना शिकू देत होतं, परीक्षाही देऊ देत होतं, पदवी तेवढी देत नव्हतं. ती १९२० साली द्यायला लागले.

रोलंड लेटन हा एडवर्डचा शाळासोबती. हुशार, थोडा शिष्ट, कविता करणारा. आईवडील दोघंही लेखक. व्हेरा आणि तो एकमेकांना भेटले ते असे मोजकेच दिवस, आणि तेही बहुतेक वेळा कोणी ना कोणी वडीलधारी बाई सोबतीला असताना. बाकीचं सगळं प्रेम पत्रांतून. पहिलं महायुद्ध चालू होतं. ३१ मार्च १९१५ ला तो लढायला फ्रान्सला गेला. बेल्जियमच्या सीमेवरच्या प्लुगस्टीर्टच्या जंगलातून त्याने तिला व्हायोलेटची फुलं पाठवली. ती फुलं एका मेलेल्या सैनिकाच्या डोक्याभोवती उगवलेली होती, हे तेव्हा सांगितलं नाही. तशी कविता करून स्वतःजवळ ठेवली आणि ऑगस्टच्या रजेत दाखवली. त्याच रजेत दोघांचं लग्न ठरलं.

तोवर तिने कॉलेज सोडून स्वयंसेवक नर्सचं काम धरलं होतं, आधी बक्स्टनला, मग लंडनच्या कॅम्बरवेलला. इथे माझ्यातली नर्स जागी झाली. ती लिहिते की तोपर्यंत तिने मोठ्या पुरुषाचं उघडं शरीर पाहिलेलंच नव्हतं, आणि या कामाने तो संकोच गेला याचं तिला जन्मभर बरं वाटलं. मला माझा पहिला स्पंज, म्हणजे पेशंटचं अंग पुसणं, आठवला. पुरुष वॉर्ड, मी एकोणीस वर्षांची, तालुक्याच्या गावाहून आलेली. पडदा ओढला आणि हात थरथरायला लागले. पाय प्लास्टरमध्ये असलेला तो ट्रकवाला छताकडे बघत म्हणाला, "ताई, पाणी गार होतंय." संपलं. त्यानंतर कधी हात थरथरले नाहीत. मुलगी मोठी होते म्हणजे काय, यावर कथाकादंबऱ्यांतून बरंच वाचलंय, पण माझ्यापुरतं ते त्या कोमट पाण्याच्या भांड्यात झालं.

रोलंडला १९१५ च्या नाताळात रजा मिळाली होती. व्हेरा ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात आईवडिलांबरोबर येऊन थांबली. २५ तारखेला तो येईल असा हिशेब. रात्री दहापर्यंत निरोप आला नाही, तेव्हा तिला वाटलं सणामुळे फोनलाइन अडली असेल, आणि ती झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिकट निळा रेशमी ब्लाउज घालून नीटनेटकी होत असताना फोन आल्याचं सांगायला माणूस आला. ती धावत गेली. फोनवर तो नव्हता, त्याची बहीण होती.

२३ डिसेंबरलाच तो गेला होता. वीस वर्षांचा.

तीनेक आठवड्यांनी त्याचं सामान घरी आलं. त्याचे आईवडील ब्रायटनजवळच्या कीमर गावात राहत. व्हेरा नेमकी पार्सल उघडलं त्याच वेळी दारात पोचली. जमिनीवर कपडे पसरलेले. कोटाला पुढून-मागून भोकं. बंडी रक्ताने काळी पडून ताठ झालेली. विजार कोणीतरी घाईघाईने कात्रीने उभी फाडलेली. ती कात्री मला कळते. पोटात जखम असेल तर बटणं काढत बसत नाहीत. सगळ्यावर चिखल, आणि तिने भावाला कळवलं की हा मातीचा वास नाही, मेलेल्या माणसांचा आहे. रोलंडच्या आईने ते कपडे नजरेसमोरून न्यायला सांगितलं, खिडक्या उघडल्या.

आमच्याकडे बॉडी ताब्यात देताना कपड्यांची पिशवी वेगळी देतात, सही घेऊन. एकतीस वर्षांत मी अशा किती पिशव्या दिल्या असतील. ती घरी गेल्यावर कोण उघडतं, हा विचार कधी केला नव्हता. धागा काढायचं खरं कारण ते.

पुढचं प्रतिसादांत लिहिते. बोटं दुखली.

निळी शाई:

सुरेख लिहिलंय. फक्त तो कसा गेला ते राहिलं. तारेच्या कुंपणाची डागडुजी करायची होती, म्हणून २२ च्या रात्री हा आधी पाहणी करायला पुढे गेला. चांदणं होतं. तिथे जायच्या खंदकात पाणी भरलं होतं, त्यामुळे लोक कुंपणातल्या एका फटीतून ये-जा करत. जर्मनांना ती फट माहीत होती आणि त्यांनी बंदूक तिथेच लावून ठेवली होती. आधीच्या तुकडीने ताबा देताना हे सांगितलंच नाही. एवढंच. लढाई नाही, हल्ला नाही. चार्ज देताना एक ओळ राहून गेली.

रात्रपाळी:

@निळी शाई, "चार्ज देताना राहून गेली" वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही माणसं त्यामुळेच जातात.

पुढचं सांगते. त्याच्या जाण्याने ती कामातून उठली नाही, उलट कामात बुडाली. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत पहिल्याच दिवशी एडवर्ड जखमी झाला आणि फिरत फिरत तिच्याच कॅम्बरवेलच्या हॉस्पिटलात येऊन पडला. मग सप्टेंबरात तिला माल्टाला पाठवलं, ब्रिटॅनिक जहाजातून. तेच टायटॅनिकचं भावंड, नोव्हेंबरात बुडालं. माल्टात ऊन, समुद्र, थोडी शांतता. आणि १९१७ च्या मेच्या पहिल्या तारखेला एकाच दिवशी दोन तारा. रोलंडचा मित्र व्हिक्टर, ज्याच्या डोक्याला फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत गोळी लागली होती, त्याची दृष्टी कायमची गेली. आणि एडवर्डचा मित्र जेफ्री २३ एप्रिलला मारला गेला.

तिने ठरवलं, परत जायचं आणि आंधळ्या व्हिक्टरशी लग्न करायचं. गेलीही. तो ९ जूनला गेला.

ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या एताप्लला बदली, आणि वॉर्ड मिळाला तो जखमी जर्मन कैद्यांचा. भाऊ तिकडे आघाडीवर जर्मनांवर गोळ्या झाडतोय आणि बहीण इथे त्यांच्याच जखमा धुतेय. युद्धाविरुद्ध ती नंतर जन्मभर बोलली, ते माझ्या मते त्या वॉर्डात सुरू झालं. भाषणं ऐकून ते होत नाही. ड्रेसिंग करताना पू पुसायचा असतो, तो कुठल्या देशाचा आहे हे कळत नाही.

पुढे आई आजारी पडली म्हणून १९१८ मध्ये वडिलांनी घरी बोलावून घेतलं. आघाडीवरून आलेली नर्स घरी येऊन नोकरांच्या कटकटी बघायला लागली. आणि जूनमध्ये दारावर टकटक. एडवर्ड १५ जूनला इटलीत आसियागोच्या पठारावर पडला होता. चौघांपैकी एकही उरला नाही.

कोकणकन्या:

वाचताना ऑफिसात रडले. वाचनखूण साठवली.

खडूस काका:

लेख चांगला, भाषा चांगली. पण थोडं थंड पाणी ओततो. हॉटेलात राहणारी, पियानोवाली मुलगी. तिचं दुःख खरं आहे, नाकारत नाही. पण ते आपल्यापर्यंत आलं कारण तिच्याकडे कागद होता, वेळ होता, पोस्ट होतं. त्याच महायुद्धात आपल्याकडून लाखो माणसं गेली. त्यांच्या बायका कुठे आहेत? त्यांच्यावर कोण धागा काढणार? गोऱ्यांच्या दुःखावर आपण शंभर वर्षांनी टिपं गाळायची, ही हौस मला कळत नाही.

कोकणकन्या:

काका, प्रत्येक धाग्यावर हेच?

रात्रपाळी:

@कोकणकन्या, असू दे, काकांचा मुद्दा बरोबर आहे. आणि तो मी टाळला, कारण मला त्या बायकांबद्दल काही माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा.

पॅव्हेलियनमागचा गल्लीकर:

मी ब्रायटनात नऊ वर्षं आहे. खडूस काकांना एक गोष्ट सांगायची आहे. ग्रँड हॉटेलपासून रॉयल पॅव्हेलियन म्हणजे दहा-बारा मिनिटांचं चालणं. नवाबी घुमटांचा तो राजवाडा डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या जानेवारीपर्यंत हिंदी जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होता. झुंबरांखाली खाटा लावल्या होत्या. स्वयंपाकघरं आणि पाण्याचे नळ जातीधर्माप्रमाणे वेगळे. म्हणजे ही मुलगी फोनची वाट बघत होती तेव्हा हाकेच्या अंतरावर आपली माणसं पडलेली होती. तिला ते दिसले की नाही कोण जाणे.

जे हिंदू-शीख दगावले त्यांना शहराबाहेरच्या टेकड्यांवर अग्नी दिला, त्रेपन्न जणांना. तिथे आता पांढरी संगमरवरी छत्री आहे, १९२१ साली उभारलेली. त्या टेकडीवर मेंढ्या चरतात आणि वारा असा की टोपी राहत नाही. आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. आईने तिथल्या पायरीवर पर्समधली खडीसाखर ठेवली. का, विचारलं तर म्हणाली, काहीतरी ठेवायला हवं ना.

निळी शाई:

त्यात भर. त्याच नाताळात इराकमधल्या कुतला आपली माणसं वेढ्यात अडकली होती. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी: १०३, ११० आणि ११७. वेढा पडला डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात. तिकडे नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी कुतच्या गढीवर मोठा हल्ला चढवला, तो परतवला. पण पुढे धान्य संपलं, घोडी-खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्या बऱ्याच लोकांनी ते मांस खायला नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट, आणि त्यात हजारो गेले.

सातारी कंदी:

नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो. आमचे पणजोबा त्यात होते. घरात "बसऱ्याला गेले ते गेले" एवढंच म्हणतात. कुठली पलटण, कुठल्या लढाईत, माहीत नाही. गावच्या चावडीजवळ भिंतीत संगमरवरी पाटी आहे. त्यावर इतकंच की या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्या पाटीवर ऑफसाइडचे स्टंप काढायचो.

पणजी तेव्हा सतरा-अठराची. पदरात एक मूल, म्हणजे माझे आजोबा. तिला लिहितावाचता येत नव्हतं. मनिऑर्डर यायची ती बंद झाली, तेव्हाच तिने ओळखलं म्हणे. कागद नंतर आला. तो मास्तरांनी वाचून दाखवायला घेतला, तर ती म्हणाली, "वाचू नका, मला ठावं हाय." ही गोष्ट आजोबा सांगायचे. खडूस काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे.

आणि एक. घरात एक जड पितळी ताटली होती म्हणे, सरकारने पाठवलेली. त्यावर बाई आणि सिंह. मी पाहिलेली नाही. कोणाला काही कल्पना?

निळी शाई:

@सातारी कंदी, ती ताटली नाही, स्मृतिपदक आहे. ब्राँझचं, जवळपास पाच इंच व्यासाचं. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी साम्राज्यभर पाठवलं, एकूण तेरा लाखांच्या वर. बाई म्हणजे ब्रिटानिया, हातात त्रिशूळ, शेजारी सिंह. कडेने इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. चौकटीत नाव, उठावाच्या अक्षरात. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, साहेब आणि शिपाई सगळे सारखेच असावेत म्हणून. तेव्हा जे पदक कीमरला लेटन कुटुंबाच्या घरी गेलं असणार, तेच तुमच्या पणजीकडे आलं.

खडूस काका:

स्वातंत्र्यासाठी! १९१९ साली! आपल्याला! वा.

पण कंदी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

वर्धेकरीण:

मी जरा वेगळ्या टोकाने येते. व्हेरा ब्रिटन आमच्या सेवाग्रामाशी जोडलेली आहे, हे इथे कोणी लिहिलं नाही. १९४९ च्या डिसेंबरात जगभरच्या शांतिवाद्यांची परिषद भरली, आधी शांतिनिकेतनात, मग नाताळच्या आठवड्यात सेवाग्रामला. कल्पना गांधीजींच्या हयातीतली, पण परिषद भरली तेव्हा बापू नव्हते. व्हेरा त्या परिषदेसाठी भारतात आली होती. परत जाऊन तिने या प्रवासावर लिहिलंही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवरच्या बाँबफेकीविरुद्ध लिहून तिने स्वतःच्याच देशात शिव्या खाल्ल्या होत्या.

आमच्याकडचा डिसेंबर म्हणजे दुपारी ऊन आणि रात्री अशी थंडी की मातीच्या भिंतीला टेकवत नाही. बापूकुटीत फरशीऐवजी शेणाने सारवलेली जमीन. मी दरवर्षी पाहुण्यांना घेऊन जाते आणि तेच तेच सांगून कंटाळते. आता पुढच्या वेळी सांगायला एक नवं मिळालं.

बांबुळीचा बावा:

अवांतर, पण राहवत नाही. १९६५ मध्ये व्हेराने विजयालक्ष्मी पंडितांवर पुस्तक लिहिलं. त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित मूळचे आमच्याकडचे, बांबुळीचे पंडित. बॅरिस्टर, आणि राजतरंगिणीचं संस्कृतातून इंग्रजी भाषांतर करणारे. युद्धाच्या काळात तुरुंगात तब्येत ढासळली, सुटले आणि जानेवारी १९४४ मध्ये गेले. तिन्ही मुली, मुलगा नाही, म्हणून विजयालक्ष्मींना नवऱ्याच्या इस्टेटीसाठी सासरच्यांशी झगडावं लागलं. रणजितराव जन्मले १८९३ ला, व्हेराच्याच वर्षी. बस, एवढंच.

रात्रपाळी:

हे दोन्ही मला माहीत नव्हतं. मी तिला १९१८ लाच सोडून दिलं होतं, तर ती वर्ध्यापर्यंत आली.

युद्धानंतरचं थोडं लिहिते, कारण मला तोच भाग सगळ्यात खरा वाटला. १९१९ मध्ये ती कॉलेजात परत गेली. वर्गात बसलेल्या मुली शाळेतून नुकत्या आलेल्या. त्यांना युद्ध नको होतं, ऐकायचंही नव्हतं. एका वादविवादात तर तिची फजितीच झाली. तिला आरशात स्वतःच्या चेहऱ्यावर दाढी उगवल्यासारखी सावली दिसायला लागली. दिवसेंदिवस. कोणाला सांगितलं नाही. आज आपण त्याला नाव देऊ, गोळी देऊ. तेव्हा ती आरशांकडे बघायचं टाळून अभ्यास करत राहिली.

मला आठवली कोविडनंतरची आमची पोरं. दोन वर्षं पीपीई किटमध्ये उकडून निघाली, आणि नंतर नवीन बॅच आली ती म्हणे, मॅडम, तेच तेच काय सांगता. एक मुलगी, कामाला वाघीण, ती लिफ्टमध्ये चढेना. कोविडमध्ये त्याच लिफ्टने खाली न्यायचो. शेवटपर्यंत जिन्याने सहा मजले चढली. मी तिला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

व्हेराला त्या कॉलेजात विनिफ्रेड होल्टबी भेटली, आधी भांडण आणि मग जन्माची मैत्री. तिच्यामुळे ती सावरली असं मी म्हणेन, पुढे झालेल्या लग्नामुळे नाही. १९३३ मध्ये तिने आपल्या तरुणपणाची सगळी हकिकत छापली आणि जिकडेतिकडे नाव झालं.

निळी शाई:

त्या छापण्याचं एक फळ कडू निघालं. ते वाचून एडवर्डचा वरिष्ठ अधिकारी तिला भेटला आणि १९३४ मध्ये त्याने सांगितलं की एडवर्डचं एक पत्र सेन्सॉरने उघडलं होतं, पलटणीतल्या पुरुषाशी असलेल्या संबंधांबद्दल. कोर्टमार्शल होणार होतं. त्याने लढाईच्या आदल्या दिवशी एडवर्डला तसं सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी एडवर्डच्या डोक्यात गोळी लागली. यावर तर्क लढवणारे लढवतात, मी लढवत नाही. पण सगळी पत्रं जपून ठेवलेल्या बहिणीला भावाबद्दलची ही गोष्ट सोळा वर्षांनी परक्याकडून कळली.

रोलंडचंही तसंच. तो गुपचूप कॅथलिक झाला होता, हे घरच्यांना आणि तिला तो मेल्यावर कळलं.

रात्रपाळी:

हो. आणि तरी ती १९७० मध्ये गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिची रक्षा इटलीत नेऊन एडवर्डच्या थडग्यावर टाकली.

सातारी कंदी:

काल रविवार होता, आत्याला फोन लावला. वय ब्याऐंशी, कान गेलेत पण डोकं तल्लख. विचारलं, ती बाई आणि सिंहवाली ताटली कुठे आहे. आधी हसली. म्हणाली, अरे ती देवघरात होती. सिंह आहे, त्रिशूळ आहे, मग देवीच ना? तुझी पणजी दर मंगळवारी तिला हळदकुंकू वाहायची. गावात कोणी शिकलेला आला आणि म्हणाला, ही देवी नाही, विलायतेची बाई आहे, मग तिने ती देवघरातून काढली.

पुढे ती दह्याच्या मडक्यावर झाकण म्हणून वापरली. आत्याला ती तशीच आठवते. रोज राखेने घासायची. घासून घासून अक्षरं पार गुळगुळीत झाली होती. बाहत्तरच्या दुष्काळात तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली, त्यात तीही गेली. किती आले ते आत्याला आठवत नाही. पितळ नाही म्हणून मोडवाल्याने भाव पाडला, एवढं मात्र आठवतं.

निळी शाई:

आत्यांना आकार विचारा ना. साधारण पाच इंच असेल तर तीच.

सातारी कंदी:

विचारलं. इंच-बिंच माहीत नाही म्हणते. मडक्याला बरोब्बर बसायची.